मानसशास्त्रातले प्रयोगाचे प्रकार: गावात करायचा प्रोजेक्ट नेमका कोणत्या प्रकारात बसतो?

रानवाट_घाटंजी

नमस्कार सगळ्यांना. मी एमए मानसशास्त्र पहिल्या वर्षाला आहे, कॉलेज यवतमाळला अन् राहायला घाटंजी तालुक्यातल्या गावात, म्हणजे रोज एसटीनं अपडाऊन. यावर्षी रिसर्च प्रोजेक्ट आहे अन् त्यात सुरुवातीलाच लिहायचं असते की संशोधनाचा प्रकार कोणता. पुस्तकात चार नावं दिली आहेत, प्रयोगशाळेतला प्रयोग, क्षेत्रीय प्रयोग, नैसर्गिक प्रयोग अन् अर्धप्रयोग म्हणजे ज्याला सगळे क्वासी म्हणतात ते. व्याख्या पाठ आहेत, परीक्षेत लिहून येईन, पण माझा विषय समोर ठेवला की तो कुठं बसवू हेच समजून नाही राहिलं.

विषय असा आहे की कापसाचा पैसा हातात यायच्या आधी अन् आल्यानंतर शेतकऱ्याच्या लक्षात, विचार करण्यात काही फरक पडते का. तामिळनाडूतल्या ऊसवाल्या शेतकऱ्यांवरचा अभ्यास मॅडमनं वर्गात सांगितला होता, तेव्हापासून डोक्यात बसलं आहे. घरी पाहते ना मी, सप्टेंबरात बाबाला एक गोष्ट तीन तीन वेळा सांगा लागते, कृषी केंद्राची उधारी, बँकेच्या कर्जाचं नवंजुनं करायचं, फवारणीचे मजूर, सगळं एकाच वेळी डोक्यात, अन् वरून लोक म्हणतात शेतकऱ्याला नियोजनच जमत नाही. मला हे खरंच तपासून पाहायचं आहे.

ठरवलं असं होतं की गावातले ४० शेतकरी घ्यायचे, सप्टेंबरात चाचणी घ्यायची, अन् फेब्रुवारीत त्याच लोकांची तीच चाचणी परत. एक मैत्रीण म्हणते हा फील्ड एक्सपेरिमेंट म्हणजे क्षेत्रीय प्रयोग झाला कारण गावात करून राहिली, दुसरी म्हणते नैसर्गिक. गाईड सर म्हणाले हा प्रयोगच नाही, अन् मग त्यांना तास होता. कोणी जाणकार असेल तर नीट सांगा, प्लीज.

पूर्णाकाठचा_प्राध्यापक

ताई, विषय फार चांगला घेतला आहे, आधी ते सांगतो. मी दर्यापूरकडे कॉलेजात हाच पेपर शिकवतो अन् दरवर्षी निम्मा वर्ग याच ठिकाणी अडकते, कारण पुस्तकात ती चार नावं एका रांगेत लिहून देतात अन् विद्यार्थ्याला वाटते हे चार सारखेच कप्पे आहेत. तसं नाही. त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. जागा कोणती हा एक, अन् कोणता माणूस कोणत्या गटात जाईल हे कोणी ठरवलं हा दुसरा. दुसरा प्रश्न मोठा आहे, पहिला त्यामानानं किरकोळ.

मानसशास्त्रज्ञ बांडुराचा १९६१ चा बाहुलीचा प्रयोग घ्या. ७२ मुलं होती. २४ जणांसमोर मोठ्या माणसानं हवेच्या बाहुलीला बडवलं, २४ जणांसमोर तो शांत खेळत बसला, अन् २४ जणांना असं काहीच दाखवलं नाही. कोणतं पोरगं काय पाहील हे संशोधकानं ठरवलं, पोराच्या स्वभावानं किंवा आईबापानं नाही. म्हणून नंतर पहिल्या गटातली मुलं बाहुलीवर जास्त तुटून पडली तेव्हा म्हणता आलं की पाहिल्यामुळं असं झालं. हा प्रयोगशाळेतला खरा प्रयोग.

आता न्यूयॉर्कच्या मेट्रोतला, पिलियाविन अन् सहकाऱ्यांचा, १९६९ साली छापून आलेला. चालत्या डब्यात एक माणूस मुद्दाम पडायचा. कधी हातात काठी, म्हणजे अधू वाटावा, कधी दारूचा वास अन् पिशवीत गुंडाळलेली बाटली. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा लोक आपणहून उठून मदतीला आले, दारूवाल्याला ३८ पैकी १९ वेळा. इथं लॅब नाही, प्रवाशांना माहीतही नाही की प्रयोग चालू आहे, पण आज काठी की बाटली हे संशोधकाच्या हातात होतं. म्हणून हा क्षेत्रीय प्रयोग. बाहेर केला म्हणून क्षेत्रीय हे बरोबर, पण 'प्रयोग' हे नाव त्याला मिळालं ते बदल आपल्या हातानं केला म्हणून.

तुमच्या विषयात पैसा कधी येईल हे तुम्ही ठरवत आहात का? नाही. ते पाऊस, बोंडअळी अन् बाजार ठरवते. म्हणून गाव असूनही हा फील्ड एक्सपेरिमेंट नाही. तुमच्या सरांचं म्हणणं कडक अर्थानं बरोबर आहे, फक्त पुढचं वाक्य राहिलं. कॅम्पबेल अन् स्टॅन्ले यांनी १९६३ मध्ये ही मांडणी नीट करून ठेवली. एकाच गटाची आधी चाचणी, नंतर चाचणी, अन् तुलनेला दुसरा गट नाही, याला ते प्रयोगपूर्व आराखडा म्हणतात, अन् त्यात किती ठिकाणी फसगत होते ते एकेक करून सांगतात. मधल्या काळात दुसरं काही घडलं असेल, माणूस थकला असेल नाहीतर ताजातवाना झाला असेल, अन् तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना हात बसला असेल. तुमच्या आजच्या आराखड्यात ही तिन्ही भोकं आहेत. बुजवता येतात, पण आधी दिसली पाहिजेत.

तामिळनाडूचा अभ्यास, मणी, मुल्लयनाथन, शफीर अन् झाओ यांचा, २०१३. ४६४ ऊस शेतकरी, तोडणीच्या आधी अन् नंतर. आधी, हात तंग असताना, गुण कमी आले, नंतर वाढले. त्यांनाही पैसा कधी येईल ते ठरवता येत नव्हतंच, पण उसात एक सोय असते. कारखाना सगळ्यांचा ऊस एकदम नेत नाही, पाळी लागते, त्यामुळं एकाच महिन्यात एकाचे पैसे आलेले अन् शेजारच्याचे यायचे, असं मिळते. मग ऊन, सण, महिना यांचा परिणाम वेगळा काढता येतो. शिवाय काही शेतकरी त्यांनी मुद्दाम मागे ठेवले होते, ज्यांची चाचणी फक्त तोडणीनंतर, पहिल्यांदाच घेतली, म्हणजे हात बसल्यामुळं गुण वाढले का ते कळावं. बदल आपल्या हातात नाही पण तुलना नीट बांधलेली, असा अर्धप्रयोग कसा करावा ते तिथून शिकण्यासारखं आहे.

कोरडवाहू_कळंब

प्राध्यापक साहेब, तुमी सांगतलं ते मले एकदम पटलं, अन् आमाले ते वावरातूनच समजते. कंपनीवाला येते अन् म्हणते आमचं बियाणं पाहा, दुप्पट कापूस. अन् पाहाले जाऊ तर त्याचं बियाणं पेरलं काळ्या कसदार जमिनीत, विहिरीजवळ, अन् जुनं पेरलं बरड्यावर. मंग फरक बियाण्याचा का जमिनीचा, कोण सांगन? अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिवार फेरीले गेलो होतो तर तेथी लहान लहान तुकडे पाडून कोणत्या तुकड्यात कोणतं वाण ते चिठ्ठीनं ठरवतेत. मी इचारलं असं काऊन, तर तेथचे साहेब म्हणे माणसानं ठरवलं का तो चांगला तुकडा आपल्या आवडीच्या वाणालेच देते, त्याले स्वतःलेही समजत नाही.

पोरी, तू माणसाईवर करून राहिली त तेथीही तेच पाहा. तुह्या ४० मधी कोण राहीन? जो पारावर बसते तो. ज्याच्या डोक्शावर खरंच बोजा हाय तो पारावर येतच नाही, तो तोंड लपवून फिरते.

पूर्णाकाठचा_प्राध्यापक

कळंबचे भाऊ, तुमचं उदाहरण उद्याच वर्गात सांगतो. अन् हा योगायोग नाही, चिठ्ठीनं वाटणी करायची पद्धत शास्त्रात पक्की झाली ती शेतीतूनच. रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर काम करायचा, १९२० च्या दशकात त्यानं हे तुकड्यातुकड्यांचं गणित बसवलं, अन् आज मानसशास्त्रात, औषधांच्या चाचणीत, सगळीकडे तेच वापरतात.

फिरता_अन्वेषक

मी अमरावती जिल्ह्यात वेगवेगळ्या सर्वेंमध्ये गावोगाव फिरून फॉर्म भरायचं काम बरेच वर्षं केलं आहे, तर थोडं प्रत्यक्षातलं सांगतो.

पहिली गोष्ट, कापूस या अभ्यासाला सोयीचा नाही. उसासारखा पैसा एका झटक्यात येत नाही. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, करून पहिली वेचणी होते, त्यातला थोडा कापूस मजुरी चुकवायला खेडा खरेदीतच, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्यालाच, जाते, मग दुसरी वेचणी, तिसरी, कोणी भाव वाढेल म्हणून घरात खोली भरून ठेवते अन् उलंगवाडी झाली, म्हणजे हंगाम संपला, तरी विकत नाही, तर कोणाचा सगळा माल आधीच उधारीत गेलेला असते. तुम्ही फेब्रुवारीत गेलात तर "पैसा आल्यानंतर"चे म्हणून ४० लोक सापडतील असं वाटत असेल तर नाही सापडणार, निम्मे अधेमधेच असतील. सोयाबीन त्यापेक्षा बरं, दसऱ्याच्या आगेमागे सोंगते, मळणी यंत्रातून निघते अन् बऱ्याच लोकांचं दिवाळीच्या आत विकल्या जाते. आधी अन् नंतर अशी रेघ त्यात तरी ओढता येते.

दुसरी, चाचणी सगळ्यांसमोर घेऊ नका. तामिळनाडूत एक आकड्यांची चाचणी होती, वाचता न येणाऱ्यालाही चालावी म्हणून. कागदावर ५ ५ ५ असं लिहिलेलं असते अन् किती आकडे आहेत ते सांगायचं, म्हणजे उत्तर तीन. सोपं वाटते पण तोंडातून पाचच निघते. अशी चाचणी मी एका ओट्यावर घेताना पाहिली आहे, पहिल्या माणसानं "पाच" म्हटलं, जीभ चावली, सगळे हसले, अन् तेवढ्यात मागच्या पाच सहा जणांना युक्ती समजली. पुढचे सगळे फटाफट बरोबर. त्या दिवसाचा डेटा काहीच कामाचा राहिला नाही. घरात बसून, एकेकट्याची घ्या, अन् घड्याळ लावून, कारण चुका किती यापेक्षा वेळ किती लागला त्यात जास्त समजते.

अन् तुलनेच्या गटाबद्दल प्राध्यापक सर म्हणाले ते आपल्याच भागातल्या कामावरून पाहा. विश्राम नावाचा कार्यक्रम अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झाला, नैराश्याच्या लोकांपर्यंत मदत पोचावी म्हणून, त्याचा पेपर २०१७ ला लॅन्सेट सायकियाट्रीत आला. सुरुवातीच्या सर्वेत नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकांनीच कुठं मदत घेतली होती, १८ महिन्यांनंतरच्या सर्वेत ते २७.२ टक्के. फार मोठी गोष्ट आहे, मी त्या कामाला मनापासून मानतो. पण आराखडा आधी-नंतरचा होता, बाजूची कार्यक्रम नसलेली गावं तुलनेला नव्हती, म्हणून सगळाच फरक कार्यक्रमामुळं हे त्या आराखड्यातून ठामपणे म्हणता येत नाही. उलट गडचिरोलीत सर्च या संस्थेनं नवजात बाळांच्या घरगुती काळजीचं काम केलं, बंग दाम्पत्याचं, १९९९ ला छापून आलेलं, त्यात ३९ गावांत सेवा दिली अन् ४७ गावं तुलनेला ठेवून दोन्हीकडचे मृत्यू मोजले. ते मानसशास्त्र नाही, पण तुलनेचा गट असला की निष्कर्षाला किती बळ येते ते पाहायला याच्यापेक्षा जवळचं उदाहरण नाही.

रानवाट_घाटंजी

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं तर वर्षभरात समजलं नव्हतं. सोयाबीन घेते मग. पण एक अडचण, आमच्याकडे सोयाबीन सगळ्यांचं एकाच पंधरवड्यात निघते, उसासारखी पाळी नाही. मग मी असं केलं तर, की दिवाळीनंतर ज्यांनी विकलं ते एका गटात अन् ज्यांच्या घरी अजून पोती आहेत ते दुसऱ्या गटात? तुलनेचा गट मिळून जाईल ना?

कोरडवाहू_कळंब

नाही मिळत पोरी. दिवाळीनंतर ज्याच्या घरी पोते हाय तो थांबू शकते म्हणून हायेत. त्याच्या घरी नोकरी असन, नाहीतर ओलीत असन. ज्याले देणं हाय त्यानं मळणीच्या दुसऱ्याच दिवशी विकून टाकलं. तू पैसेवाल्याले बिनपैशाचा म्हणून धरशीन.

गोलाई_धारणी

नैसर्गिक प्रयोगाचं कोणी नीट बोललंच नाही म्हणून लिहिते. मी मेळघाटात शिक्षिका आहे.

नैसर्गिक प्रयोगात बदल बाहेरून येते, आपण फक्त आधीपासून हजर राहायचं. कॅनडात एक गाव होतं, डोंगराच्या आडोशामुळं तिथं टीव्ही दिसत नव्हता, अभ्यासात त्याला नोटेल असं टोपणनाव दिलं. १९७३ ला तिथं टीव्ही येणार हे टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांना आधी कळलं, तर त्यांच्या टीमनं टीव्ही यायच्या आधी मुलांचं खेळणं, भांडणं, वाचन सगळं मोजून ठेवलं अन् दोन वर्षांनी परत मोजलं. अन् बाजूची दोन गावं, एकात एकच चॅनेल, एकात बरेच, तीही मोजली. नोटेलच्या मुलांची मारामारी, शिवीगाळ वाढलेली दिसली. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटते ते आधी जाऊन मोजणं. आमच्याकडे गावागावात आत्ता आत्ता मोबाईल टॉवर लागून राहिले, मुलांमध्ये बदल दिसते असं सगळे शिक्षक म्हणतात, पण टॉवरच्या आधीची नोंद कोणाकडेच नाही. ज्या गावात अजून रेंज नाही तिथं कोणी विद्यार्थी आज जाऊन मोजून ठेवेल तर फार मोठं काम होईल. कोणाला विषय हवा असेल तर घ्या, मी मदत करते.

पूर्णाकाठचा_प्राध्यापक

गोलाई ताई, हा विषय मी दोन विद्यार्थ्यांना सुचवणारच. खरंच करण्यासारखा आहे.

घाटंजीच्या ताई, तुमच्यासाठी दोन वाटा दिसतात, दोन्ही एका विद्यार्थ्याला झेपण्यासारख्या.

पहिली. गावातल्या शेतकऱ्यांची यादी करा, ग्रामपंचायतीतून नाहीतर सोसायटीतून, पारावरचे लोक पकडून नाही. समजा ६० नावं झाली. चिठ्ठ्या टाका. ३० जणांची चाचणी सोंगणीच्या आधी, उरलेल्या ३० जणांची विकल्यानंतर, प्रत्येकाची एकदाच. म्हणजे हात बसण्याचा प्रश्नच संपला, अन् दोन्ही गट सुरुवातीला सारखे कारण वाटणी चिठ्ठीनं झाली. अमेरिकेत कार्व्हाल्यो, मायर अन् वांग यांनी असंच केलं, २०१६ ला छापून आलं. कमी उत्पन्नाच्या लोकांपैकी कोणाला पगाराच्या आधी विचारायचं अन् कोणाला नंतर, हे सोडतीनं. अन् त्यांना विचारशक्तीत फरक सापडला नाही. हे तुमच्या प्रोजेक्टमध्ये नक्की लिहा, तामिळनाडूचा निकाल एकटा लिहू नका. पगार दर पंधरवड्याला, महिन्याला येतो अन् सोयाबीन वर्षातून एकदा, त्यामुळं निकाल वेगळे येऊ शकतात, पण दोन्ही बाजू माहीत असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षक वेगळ्या नजरेनं पाहतात. फक्त लक्षात ठेवा, चिठ्ठीनं तुम्ही वेळ वाटली, पैसा नाही. सप्टेंबर अन् नोव्हेंबर यांच्यात ऊन, कामाचा थकवा, दिवाळी, सगळंच बदलते, अन् तो सगळा फरक पैशाच्या नावावर लावता येणार नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते. त्याच २०१३ च्या पेपरमध्ये न्यू जर्सीच्या एका मॉलमधला भाग आहे. लोकांना विचार करायला लावलं की गाडी बिघडली, दुरुस्तीला १५० डॉलर लागतात, काय कराल. दुसऱ्या गटाला तोच प्रश्न, पण १५०० डॉलर. अन् मग लगेच चाचणी. मोठ्या आकड्यानं गरीब लोकांचे गुण पडले, श्रीमंतांचे नाही. आपल्याकडे मोटरपंप जळला म्हणा. एका चिठ्ठीवर दुरुस्ती १,००० रुपये, दुसरीवर १५,०००. कोणाला कोणती चिठ्ठी ते नशिबावर. आता हा खरा प्रयोग झाला, तोही गावात, एका महिन्यात पूर्ण होणारा. कोरडवाहूवाले अन् नोकरीवाले असे दोन प्रकारचे लोक घेतले तर आणखी चांगलं, फक्त कोण कोरडवाहू अन् कोण नोकरीवाला हे तुम्ही ठरवलेलं नाही, त्यामुळं एकाच प्रोजेक्टमध्ये चिठ्ठीचा भाग खरा प्रयोग अन् उत्पन्नाचा भाग अर्धप्रयोग. हे वाक्य जसंच्या तसं लिहा, तुमचे सर खूश होतील.

निकाल शून्य आला तरी तसाच द्या. २०१५ ला मानसशास्त्रातले १०० छापलेले अभ्यास पुन्हा करून पाहिले, मूळच्या ९७ टक्क्यांत लक्षणीय परिणाम दाखवला होता, पुन्हा करताना ३६ टक्क्यांतच आला. फरक न सापडणं हेही सापडणंच आहे.

सेवा_उपकेंद्र

मी समुपदेशनाचं काम करते, यवतमाळ जिल्ह्यातच. दुसऱ्या वाटेबद्दल काळजी वाटते म्हणून लिहून राहिली.

न्यू जर्सीच्या मॉलमधला माणूस अन् आपल्या गावातला, दोघांना अचानक मोठा खर्च आला असं समजा म्हणणं सारखं नाही. आपल्याकडे हा विचार काही लोकांना कल्पनेतही सहन होत नाही. ज्या घरात आत्महत्या झाली आहे त्या घरी हा प्रश्न घेऊन जाऊच नका. बाकी ठिकाणी आधी सगळं समजावून सांगा, लिहिता येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा, अन् मधेच उठून जायची मोकळीक आहे हे दोनदा सांगा. कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी घेतल्याशिवाय सुरुवात करू नका, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत ती वाचा. मिलग्रामच्या आज्ञापालनाच्या प्रयोगात, समोरच्याला विजेचा शॉक द्यायला सांगितल्यावर (शॉक खोटा, पण देणाऱ्याला खरा वाटायचा), ४० पैकी २६ लोक ४५० व्होल्टपर्यंत गेले हे सगळे पाठ करतात, पण त्या माणसांचे हात थरथरत होते, घाम फुटला होता, हेही त्याच पेपरमध्ये लिहिलं आहे. ते वाचून मग शेतकऱ्याच्या दारात जा.

अन् चाचणी झाली की तसंच उठून येऊ नका. थोडं बसा, पंपाचं खरं नव्हतं हे स्पष्ट सांगा, पीक कसं आहे विचारा. बोलताना कोणी जास्त खचलेला वाटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात, अन् आशाताईला कळवा. तुम्ही एकट्या त्याचा भार घेऊ नका.

रानवाट_घाटंजी

ताई, हे वाचून मी खरंच थांबली. दुसऱ्या वाटेत पंपाऐवजी दुसरा कोणता खर्च घेता येईल का, ज्यात कर्जाचं नाव येणार नाही? लग्नाच्या आहेराचा, किंवा घरावरचे टिनपत्रे बदलायचा? अन् नाहीच जमलं तर पहिली वाट घेते, सोडत काढून आधी-नंतर, त्यात कोणाला काही कल्पना करायला लावायची नाही. मंगळवारी सरांना भेटते अन् समितीचा अर्ज मागते.

सेवा_उपकेंद्र

पहिलीच घ्या. टिनपत्रे काय अन् आहेर काय, शेवटी उसनवारीवरच येऊन थांबते सगळं. पहिल्या वाटेत तुम्ही फक्त मोजता, नवीन ओझं टाकत नाही.

पूर्णाकाठचा_प्राध्यापक

सेवा ताईंचं म्हणणं मान्य, पहिलीच घ्या. प्रकार लिहिताना असं लिहा: क्षेत्रात केलेला अभ्यास, चाचणीची वेळ यादृच्छिक वाटणीनं, पैसा मिळणं संशोधकाच्या नियंत्रणात नाही. नाव कोणतं द्यायचं ते सर ठरवतील, पण ही तीन वाक्यं असली की कोणीही विचारो, उत्तर तुमच्याजवळ आहे. सोडत मात्र सोंगणी सुरू व्हायच्या आधी काढा, अन् यादी मॅडमजवळ सीलबंद ठेवा.

कोरडवाहू_कळंब

अन् बाजाराच्या दिवशी जाऊ नको. सांजच्याले सातच्या पुढं जाय, माणूस हातपाय धुऊन बसलेला राहते. लाइनीचा टाइम पाहून घेजो, रात्रपाळीची थ्री फेज असन तर तो ओलिताले जाते अन् तुह्या यादीतलं नाव घरी सापडत नाही.